कोर्टावर शेजारी कोण?

30 एप्रिल 2016. चीनमधलं वुहान शहर, आशियाई अजिंक्यपद बॅडमिंटन स्पर्धा, महिला दुहेरीची उपांत्य लढत. एकीकडे जपानच्या नाओको फुकुमान आणि कुरुमी योनाओ, दुसरीकडे इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली आणि नित्या क्रिशिंदा महेस्वरी. पहिला गेम इंडोनेशियाने 21-13 असा घेतला तेव्हा सामना तासाभरात आटपेल असं वाटलं असणार. दुसरा गेम 21-19 असा जपानकडे गेला. तिसरा 20-20 च्याही पुढे सरकला आणि 24-22 वर संपला. जपान जिंकलं. तोवर घड्याळात 161 मिनिटं झाली होती. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनमधला सर्वांत लांबलेला सामना म्हणून त्याची नोंद झाली.

तिन्ही गेम मिळून त्या दिवशी 120 गुण खेळले गेले. 161 मिनिटांचा हिशेब केला तर, मधली विश्रांती धरून, एका गुणामागे सरासरी 80 सेकंद पडतात. सोसायटीच्या आवारात किंवा जिमखान्यात जो कोणी बॅडमिंटन खेळला असेल, त्याला 20-25 फटक्यांची रॅली झाली की श्वास कसा वर जातो हे ठाऊक असतं. इथे तशा रॅलीला किरकोळ म्हणावं लागेल.

इतकं करून ग्रेसिया हरली. तिच्या कारकिर्दीत असे पराभव पुष्कळ आहेत, आणि म्हणूनच महिला दुहेरी म्हणजे नेमकं काय हे समजून घ्यायला मला तिच्याइतकी दुसरी कोणी योग्य वाटत नाही.

हा खेळ इतका लांबतो कशामुळे? बॅडमिंटनचं कोर्ट 13.40 मीटर लांब असतं. रुंदी एकेरीत 5.18 मीटर आणि दुहेरीत 6.10 मीटर. म्हणजे माणसं दुप्पट होतात, पण जागा मीटरभरसुद्धा वाढत नाही. बचावाला दोघी शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या की प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम तीन मीटरची पट्टी येते. हात लांब केला, एक पाऊल टाकलं, की ती झाकली जाते. त्यात शटल सोळा पिसांचं, वजन साधारण पाच ग्रॅम. रॅकेटवरून सुटताना त्याचा वेग भयंकर असतो, पण पिसांना हवा अडवते आणि समोरच्या कोर्टात पोहोचेपर्यंत तो बराच उतरतो. पुरुष दुहेरीत स्मॅश इतका जोरकस असतो की दोन-तीन फटक्यांत निकाल लागून जातो. महिला दुहेरीत एका स्मॅशवर गुण क्वचित मिळतो. बचाव करणारी ते शटल पुन्हा उंच, मागच्या कोपऱ्यात टाकते. मारणारी पुन्हा मागे धावते, उडी घेते, मारते. पुन्हा तेच. दहा स्मॅश मारले की खांदा बोलायला लागतो आणि समोरच्या दोघी अजून ताज्यातवान्या असतात. या प्रकारात हल्ला महागात पडतो आणि बचाव स्वस्तात होतो. हे गणित जपानी जोड्यांनी सर्वांत चांगलं ओळखलं आणि दमसासावर आपली सगळी शैली उभी केली.

मग गुण मिळतो कसा? समोरच्या दोघींच्या मधोमध. दोघींच्या बरोबर मध्ये आलेलं शटल कोणाचं, हा प्रश्न सेकंदाच्या छोट्या तुकड्यात सोडवावा लागतो. अर्ध्या ताकदीचा स्मॅश मध्ये, मग नेटजवळ ड्रॉप, मग अंगावर सपाट ड्राइव्ह, असं करत करत दोघींमधलं अंतर हलवत राहायचं. एक जरा पुढे सरकली आणि दुसरीने ते पाहिलं नाही, की फट पडते. जोडीने हल्ला करतानासुद्धा शेजारी-शेजारीवरून पुढे-मागे अशी रचना बदलावी लागते, आणि शटल उचलावं लागलं की पुन्हा शेजारी-शेजारी. एका रॅलीत हे अनेकदा होतं, आणि दरवेळी तोंडाने सांगायला सवड नसते. म्हणून या खेळातली खरी मालमत्ता म्हणजे शेजारी उभी असलेली बाई. ती बदलली की खेळ पुन्हा पहिल्यापासून शिकायचा.

ग्रेसियाला तो पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

तिचा जन्म 11 ऑगस्ट 1987 चा, जकार्त्यातला. कुटुंब मूळचं उत्तर सुलावेसीकडचं, आणि तिचं लहानपण तिथल्या मानाडो शहरात गेलं. ती अगदी लहान असताना वडील वारले. खेळासाठी आईबरोबर ती जकार्त्याला आली आणि जया राया या क्लबात दाखल झाली. इंडोनेशियात बॅडमिंटनची शिडी अशीच असते. आधी क्लब, मग निवड झाली तर राजधानीच्या पूर्वेकडच्या चिपायुंग इथलं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र. तिथे राहायचं, तिथेच सराव करायचा, आणि कोणी कोणाबरोबर खेळायचं हे प्रशिक्षक ठरवणार. 2008 मध्ये जकार्त्यातच झालेल्या उबेर चषकात इंडोनेशियाच्या महिला संघाने अंतिम फेरी गाठली, त्या संघात ग्रेसिया होती; दुहेरीत तिची जोडीदार होती जो नोविटा. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

तिच्यावरचं ओझं समजायला इंडोनेशियाचं पदकांचं खातं पाहावं लागेल. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटन पहिल्यांदा पदकासाठी खेळलं गेलं आणि सुसी सुसांती व अॅलन बुदीकुसुमा यांनी महिला आणि पुरुष एकेरीची दोन्ही सुवर्णं देशाला दिली. 1996 मध्ये रिकी सुबाग्जा आणि रेक्सी मैनाकी यांनी पुरुष दुहेरी जिंकली. 2016 मध्ये मिश्र दुहेरी तोंतोवी अहमद आणि लिलियाना नात्सीर यांच्याकडे गेली. राहिली ती महिला दुहेरी. त्या रकान्यात सुवर्ण तर सोडाच, एकही ऑलिंपिक पदक नव्हतं.

2012 मध्ये लंडनला ग्रेसिया पहिल्यांदा ऑलिंपिक खेळली. जोडीला मेलियाना जौहारी. त्या वर्षी दुहेरीत प्रथमच आधी साखळी सामने आणि मग बाद फेरी अशी पद्धत आणली होती. साखळीत कोण कितवं येतं यावर पुढची गाठ कोणाशी हे ठरणार होतं, आणि तिथेच घोळ झाला. चीनच्या तियान चिंग आणि झाओ युनलेई डेन्मार्कच्या जोडीकडून अनपेक्षितपणे हरल्या आणि गटात दुसऱ्या आल्या. त्यामुळे चीनच्याच वांग शियाओली आणि यू यांग यांना गटात पहिलं येणं नको झालं. पहिलं आलं तर आपल्याच देशाच्या जोडीशी अंतिम फेरीआधी गाठ पडणार होती. 31 जुलैच्या संध्याकाळी वेम्बली अरीनात त्यांनी दक्षिण कोरियाच्या जोडीविरुद्ध मुद्दाम सर्व्हिस नेटमध्ये मारायला सुरुवात केली, आणि कोरियाच्या मुलींनीही तेच केलं. त्या सामन्यातली सर्वांत लांब रॅली चार फटक्यांची होती. नंतरच्या सामन्यात कोरियाची दुसरी जोडी आणि ग्रेसिया-मेलियाना समोरासमोर आल्या. जिंकणाऱ्या जोडीला पुढे वांग-यू यांच्याशी खेळावं लागणार होतं. तिथेही तोच प्रकार झाला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी जागतिक महासंघाने चारही जोड्यांना स्पर्धेतून बाद केलं. जिंकण्यासाठी प्रामाणिक प्रयत्न न करणं हा आरोप होता.

त्या आठही जणी चुकल्या होत्या, यात मला शंका नाही. तिकीट काढून आलेल्या माणसासमोर हरण्यासाठी खेळणं हा खेळाचा अपमान आहे. पण नियम करणाऱ्यांनी एक अशी रचना उभी केली होती जिच्यात हरणं फायद्याचं ठरत होतं, आणि याची जबाबदारी खेळाडूंवर ढकलून भागत नाही. महासंघानेही पुढे ते ओळखलं. त्यानंतर गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची पुढची गाठ साखळी संपल्यावर नव्याने सोडत काढून ठरवायची, असा बदल झाला.

त्याच हॉलमध्ये, त्याच दिवसांत, याच पद्धतीचा फटका आपल्यालाही बसला. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी तैवान आणि सिंगापूरच्या जोड्यांना हरवलं होतं, जपानकडून हरल्या होत्या. शेवटच्या सामन्यात जपानच्या मिझुकी फुजी आणि रेइका काकीइवा तैवानकडून हरल्या आणि गटात तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले. मग गुणांचा फरक मोजला गेला. भारतीय जोडी एका गुणाने बाहेर. भारताने त्या सामन्याबद्दल तक्रार केली, ती फेटाळली गेली, आणि जपानची तीच जोडी पुढे रौप्यपदक घेऊन गेली. बाद झालेल्या चार जोड्यांच्या जागी आधी साखळीतच हरलेल्या जोड्या पुढे गेल्या, आणि त्यांतल्या रशियाच्या जोडीने कांस्यपदक जिंकलं. ज्वाला-अश्विनी मात्र घरी परतल्या. एकच वर्ष आधी, 2011 मध्ये, याच वेम्बली अरीनात त्यांनी जागतिक स्पर्धेचं कांस्यपदक मिळवलं होतं. प्रकाश पदुकोण यांच्या 1983 च्या कांस्यानंतर भारताचं ते पहिलंच जागतिक पदक. आपल्याकडच्या बॅडमिंटनच्या गप्पांत हे पदक फार लवकर विसरलं जातं, याची मला मनापासून खंत वाटते.

लंडनहून परतलेल्या ग्रेसियाचं वय पंचवीस होतं आणि नावाला डाग लागला होता. मेलियानाबरोबरची जोडी मोडली. नव्याने तिच्या शेजारी आली ती नित्या. दोघींनी शांतपणे वर चढायला सुरुवात केली आणि 2014 च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत जपानच्या मिसाकी मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी यांना हरवून सुवर्णपदक घेतलं. पुढे रिओ ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकणारी हीच ती जपानी जोडी. इंडोनेशियाला आशियाई स्पर्धेत महिला दुहेरीचं सुवर्ण 1978 नंतर, म्हणजे 36 वर्षांनी मिळालं. 2015 मध्ये जागतिक स्पर्धेचं कांस्य आलं. 2016 मध्ये वुहानचा तो 161 मिनिटांचा सामना, आणि मग रिओ. तिथे उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या जोडीकडून हार. त्यानंतर दुखापतीने नित्याचा खेळ थांबला.

इथे दुहेरीतल्या कारकिर्दीची सर्वांत कठोर बाजू समोर येते. एकेरीतली खेळाडू जिंकते ते सगळं तिच्या एकटीच्या नावावर जमा होतं. दुहेरीत क्रमवारीचे गुण जोडीच्या नावावर असतात. गेल्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा निकालांवर जोडीचं स्थान ठरतं. जोडीदार दुखापतीने बसली की तुम्ही कितीही तंदुरुस्त असा, ती क्रमवारी हळूहळू विरघळते, आणि नव्या जोडीदाराबरोबर छोट्या स्पर्धांपासून पुन्हा सुरुवात करायची. पैशाचंही तसंच. स्पर्धेत दुहेरी जिंकणाऱ्या जोडीची बक्षिसाची रक्कम एकेरीच्या विजेत्याच्या रकमेपेक्षा किंचितच जास्त असते, आणि ती दोघींत वाटायची असते. ऑलिंपिकला जगभरातून सोळाच जोड्या जातात. एका देशाच्या दोन जोड्या जायच्या तर दोन्ही पहिल्या आठांत हव्यात.

एकोणतिसाव्या वर्षी ग्रेसियाच्या मनात निवृत्तीचा विचार आला, यात नवल नाही. तिला थांबवलं प्रशिक्षक एंग हियान यांनी. हा माणूस स्वतः दुहेरीतला. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये फ्लांडी लिंपेलेबरोबर त्यांनी कांस्यपदक जिंकलं होतं. जोडी तुटणं म्हणजे काय हे त्यांना आतून माहीत असणार. त्यांचं म्हणणं असं की आणखी काही काळ थांब, लहान मुलींना तयार कर. म्हणजे जिंकण्याची अपेक्षा नव्हती, शिकवायचं होतं.

त्या लहान मुलींपैकी एक होती अप्रियानी राहायू. जन्म एप्रिल 1998, गाव आग्नेय सुलावेसीतल्या कोनावे जिल्ह्यातलं. ग्रेसियापेक्षा जवळपास अकरा वर्षांनी धाकटी. 2017 मध्ये दोघी एकत्र आल्या तेव्हा अप्रियानी नुकतीच एकोणीस वर्षांची झाली होती. त्याच वर्षी त्यांनी थायलंड ओपन जिंकली आणि मग पॅरिसला फ्रेंच ओपन. शिकवायला ठेवलेली ज्येष्ठ खेळाडू आणि शिकायला आलेली मुलगी, दोघी मिळून जगातल्या पहिल्या फळीत जाऊन बसल्या. 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक स्पर्धेत कांस्य, 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतही कांस्य. ढोबळमानाने बोलायचं तर अप्रियानी मारणारी आणि ग्रेसिया बांधणारी. अप्रियानीचा स्मॅश जड, ड्राइव्ह सपाट आणि वेगवान. ग्रेसियाची नजर मोकळ्या जागेवर, आणि तोंड सतत चालू. गुण गेला की आधी तीच हसायची, जोडीदाराच्या हातावर टाळी द्यायची. तिचं कोर्टावरचं हसणं लोकांना आवडायचंच. मला मात्र ते कामाचा भाग वाटतं. वीस वर्षांच्या मुलीच्या मनात गेलेला गुण साचू न देणं हीसुद्धा दुहेरीतली एक कला आहे.

महामारीमुळे टोकियो ऑलिंपिक 2020 चं 2021 वर गेलं. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला एक जादा वर्ष म्हणजे मोठी किंमत. डिसेंबर 2020 मध्ये ग्रेसियाचं लग्न झालं, आणि त्याच महिन्यात तिचा भाऊ गेला. जानेवारीत ती बँकॉकला जाऊन अप्रियानीबरोबर थायलंड ओपन जिंकून आली.

टोकियोत त्यांना मानांकन नव्हतं. साखळीत त्यांनी जपानच्या युकी फुकुशिमा आणि सायाका हिरोता या अव्वल जोडीला 24-22, 13-21, 21-8 असं हरवलं. हिरोता गुडघ्याला मोठा ब्रेस बांधून खेळत होती. तिच्या जिद्दीला खरंच नमस्कार. उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या दू युए आणि ली यिनहुई यांच्याशी तीन गेम झाले, 21-15, 20-22, 21-17. उपांत्य फेरीत कोरियाच्या ली सो-ही आणि शिन सेउंग-चान सरळ गेममध्ये हरल्या. 2 ऑगस्ट 2021 ला अंतिम फेरीत समोर चीनच्या चेन चिंगचेन आणि जिया यिफान. महामारीमुळे स्टँडमध्ये प्रेक्षक नाहीत, त्यामुळे बुटांचा आणि रॅकेटचा आवाज टीव्हीवरही स्पष्ट येत होता.

पहिला गेम 21-19. दुसऱ्या गेममध्ये एका रॅलीच्या मध्येच ग्रेसियाच्या रॅकेटचं गटिंग तुटलं. तुटक्या गटिंगवर शटल कुठे जाईल याचा भरवसा नसतो. बहुतेक जण अशा वेळी एखादा आडवातिडवा फटका मारून गुण सोडून देतात. ग्रेसिया कोर्टाबाहेर धावली, बॅगेतून दुसरी रॅकेट काढली आणि परत आत आली. रॅली चालू असताना रॅकेट बदलायला नियमाची आडकाठी नाही. तेवढा वेळ 6.10 मीटर रुंदीचं कोर्ट अप्रियानीने एकटीने सांभाळलं. जगातल्या अव्वल दोघींसमोर. तो गुण इंडोनेशियालाच मिळाला. मला त्या काही क्षणांत दोघींची सगळी चार वर्षं दिसतात. आपण नाही तर ती आहे, हे धरूनच ग्रेसिया पाठ फिरवून धावू शकली.

सामना 21-19, 21-15 असा संपला. इंडोनेशियाला महिला दुहेरीचं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं आणि ते सुवर्ण होतं. पाचही प्रकारांत ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा चीननंतरचा तो दुसरा देश ठरला. ग्रेसियाला तेहतीस वर्षं पूर्ण होऊन चौतिसावं संपायला नऊ दिवस उरले होते. अप्रियानीला तिच्या जिल्ह्याच्या प्रमुखांनी घर आणि पाच गायी जाहीर केल्या.

आपल्याकडे अश्विनी पोनप्पाची कारकीर्दही अशीच जोडीदारांनी मोजावी लागते. लंडननंतर ज्वाला काही काळ महिला दुहेरीपासून दूर राहिली, तेव्हा अश्विनी महाराष्ट्राच्या प्रज्ञा गद्रेबरोबर खेळली. मग पुन्हा ज्वाला, मग सिक्की रेड्डी आणि 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं कांस्य. शेवटी मूळची गोव्याची, दुबईत जन्मलेली तनिशा क्रास्टो. अश्विनीचा जन्म 1989 चा, तनिशाचा 2003 चा. वयातलं अंतर ग्रेसिया-अप्रियानीपेक्षाही मोठं. दोघींनी मिळून पॅरिस 2024 गाठलं. तिथे साखळीतले तिन्ही सामने हरल्या आणि हे आपलं शेवटचं ऑलिंपिक, असं अश्विनीने सांगून टाकलं. निकालाच्या रकान्यात तिन्ही पराभवच दिसतात. पण चौतीस वर्षांची खेळाडू एकवीस वर्षांच्या मुलीला हाताशी धरून जगातल्या सोळा जोड्यांत पोहोचते, यामागचं काम त्या रकान्यात मावत नाही. चिपायुंगसारखी जोड्या घडवणारी व्यवस्था आपल्याकडे फार उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी उभी राहते आहे. गायत्री गोपीचंद आणि ट्रिसा जॉली 2022 आणि 2023 अशी दोन वर्षं ऑल इंग्लंडच्या उपांत्य फेरीत पोहोचल्या. त्या लहान वयात एकत्र आल्या आणि एकत्र ठेवल्या गेल्या, याचा त्यात मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

ग्रेसियाने 12 जून 2022 ला जकार्त्याच्या इस्तोरा सेनायान हॉलमध्ये निवृत्ती घेतली. त्याआधीच, 2021 च्या अखेरीस, ती जागतिक महासंघाच्या खेळाडू आयोगाची अध्यक्ष झाली होती. जिला याच महासंघाने एकदा स्पर्धेतून बाहेर काढलं होतं, तीच आता खेळाडूंची बाजू तिथे मांडत होती.

आणि अप्रियानीच्या शेजारी आता सिती फादिया सिल्वा रामाधांती उभी होती, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी. ज्येष्ठ खेळाडूची जागा अप्रियानीकडे आली होती. ग्रेसियाच्या निवृत्तीनंतर पाच आठवड्यांच्या आत या नव्या जोडीने मलेशिया ओपन जिंकली, आणि लगेच सिंगापूर ओपनही.